विश्लेषण : सिक्युअर बूटची प्रमाणपत्रे संपणार, जुन्या संगणकावरील लिनक्सचे काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. टीपीएम २.० नसलेल्या किंवा जुना प्रोसेसर असलेल्या संगणकांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. चांगले चालणारे यंत्र भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लुबुंटू, अँटीएक्स किंवा पपी लिनक्ससारखी हलकी प्रणाली टाकणे हा सरळ पर्याय. पण अडचण बहुतेकदा प्रणालीत नसते, ती सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत असते. त्यातच सिक्युअर बूटच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते.

प्रमाणपत्रांचा संबंध काय?

संगणक सुरू झाल्यावर त्यातले फर्मवेअर आधी बूटलोडरला हाक मारते आणि बूटलोडर कर्नल मेमरीत आणतो. सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर फक्त ओळखीची सही असलेला प्रोग्रामच चालू देते. बहुतेक संगणकांत ही ओळख मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रावरून पटते. म्हणून उबुंटू, फेडोरा, डेबियन 'शिम' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही घेतात. पुढे शिम ग्रबला तपासून आत सोडतो.

मुदत संपली म्हणून आज चालणारे लिनक्स दुसऱ्या दिवशी बंद पडणार नाही. फर्मवेअर सही पाहते, तारीख सहसा पाहत नाही. प्रश्न नव्या आवृत्त्यांचा आहे. केवळ २०२३ च्या प्रमाणपत्राने सही झालेला शिम ते प्रमाणपत्र नसलेल्या यंत्रात नाकारला जाईल. हे प्रमाणपत्र विंडोज अपडेटमधून, उत्पादकाच्या फर्मवेअर अपडेटमधून किंवा लिनक्समधील एफडब्ल्यूअपडी या साधनातून येते. ज्यांनी विंडोज पुसून टाकले आणि ज्यांच्या मॉडेलसाठी उत्पादक आता अपडेट काढत नाही, त्यांची वाट अरुंद होते. जुन्या बायोसवर चालणाऱ्या यंत्रांना मात्र यातले काहीच लागू नाही; तिथे सिक्युअर बूटच नसते.

ही साखळी किती नाजूक आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. विंडोजच्या एका अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर रोखण्याचा नियम लागू केला. विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेल्या यंत्रांना तो लागू होणार नव्हता, पण झाला. 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असा संदेश देऊन अनेक संगणकांवरचे लिनक्स अडले. पूर्ण दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला.

मग बूटलोडर कोणता?

हलक्या प्रणालीसाठी हलका बूटलोडर हवाच, असा एक समज आहे. तो फसवा आहे. कर्नलकडे ताबा गेला की बूटलोडरचे काम संपते. त्यामुळे नंतर रॅमही वाचत नाही आणि वेगही वाढत नाही. निवड करायची ती फर्मवेअर पाहून.

ग्रब बोजड वाटतो, पण बायोस आणि यूईएफआय दोन्हींवर चालतो आणि मोठ्या वितरणांत त्याला सही मिळालेली असते. सिस्टमडी-बूट सुटसुटीत आहे, मात्र तो फक्त यूईएफआयवर चालतो आणि कर्नल सहसा ईएफआय पार्टिशनवर ठेवावा लागतो. विंडोजने बनवलेले हे पार्टिशन अनेकदा जेमतेम १०० एमबीचे असते; दोन कर्नल ठेवताच ते भरते. सिसलिनक्सची शेवटची स्थिर आवृत्ती २०१४ ची. बायोसवाल्या जुन्या यंत्रात ते अजूनही बिनतक्रार चालते, पण नव्या यंत्रासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. सिक्युअर बूट चालू ठेवायचे असेल तर वितरणाने दिलेला ग्रबच राहू द्यावा, हे उत्तम.

अडले तर कुठे पाहावे?

गाडी कुठे थांबली, यावरून दोष कळतो. 'बूट डिव्हाइस सापडले नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर फर्मवेअरला बूटलोडरच दिसलेला नाही. 'ग्रब रेस्क्यू' दिसले तर ग्रब सुरू झाला, पण त्याला स्वतःच्या फाइली सापडल्या नाहीत. पार्टिशन पुसल्यावर किंवा हलवल्यावर हे हमखास होते. कर्नल पॅनिक होऊन रूट फाइलप्रणाली जोडता येत नाही असे दिसले, तर बूटलोडरने कर्नल चालू केला आहे. तेव्हा त्याची पुन्हा स्थापना करून उपयोग नाही. कर्नलला दिलेला डिस्कचा ओळखक्रमांक आणि इनिटरॅमएफएस तपासावे लागते. यादीतून फक्त विंडोज गायब असेल तर घाबरू नये. ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक वेगळीच आहे. पेन ड्राइव्ह बायोस पद्धतीने सुरू करायचा आणि यूईएफआयवर बसवलेली प्रणाली दुरुस्त करायला जायचे. अॅटम प्रोसेसरच्या काही स्वस्त नोटबुकमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा आणि फर्मवेअर ३२ बिटचे असते. तिथे नेहमीचा ६४ बिटचा बूटलोडर फर्मवेअर उचलतच नाही, ३२ बिटचाच लागतो.

सिक्युअर बूट बंद करणे हा शेवटचा मार्ग आहे. घरगुती जुन्या संगणकासाठी तो चालण्याजोगा आहे. मात्र शेजारी विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बदलानंतर विंडोज ती मागू शकते.