‘फेज टू’ची सबब

दिल्लीत आणि तिच्या भोवतालच्या पट्ट्यात संकेतस्थळं बनवणाऱ्या कंपन्या उदंड आहेत. नोएडाचं सेक्टर ६२ आणि ६३, गुरुग्रामचं उद्योग विहार, ओखला, नेहरू प्लेस. यातल्या कुठल्याही कंपनीच्या बैठकीत विचारून पाहा, ‘ही साइट अंध माणसाला वापरता येईल का?’ विरोध कोणी करणार नाही. सगळे मान डोलावतील आणि उत्तर येईल, ‘वो फेज टू में देख लेंगे.’ मी याच धंद्यात आहे. हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याचं खंडन लेखी मांडायलाच हवं. दुसरा टप्पा येत नाही. साइट सुरू होते, बिल निघतं, माणसं पुढच्या कामाला लागतात आणि जो बाहेर राहिला तो बाहेरच राहतो.

बाहेर राहणं म्हणजे काय ते प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात देशाने पाहिलं. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या या बाई बँकेत खातं उघडायला गेल्या. समोरचा माणूस जिवंत आहे याची खात्री म्हणून डिजिटल केवायसीने त्यांना डोळे मिचकावायला सांगितलं. भाजलेल्या डोळ्यांना ते शक्य नव्हतं. हा नियम कायद्याने सांगितलेला नव्हता. कुठल्या तरी कचेरीत बसून कोणी तरी पडद्यांचा क्रम ठरवला होता आणि त्या क्रमात दुसरी वाट ठेवली नव्हती, इतकंच. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला दिलेल्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना जमेल अशी व्हावी म्हणून २० निर्देश दिले. याच निकालात मुंबईचे अंध वकील अमर जैन यांची याचिकाही होती. चेहरा चौकटीत आणा असं फोन सांगतो तेव्हा न दिसणाऱ्याने चौकट शोधायची कशी, हा त्यांचा प्रश्न.

आता पूर्वपक्ष घेऊ. तो खोडून काढायचा तर आधी नीट मांडला पाहिजे.

पहिलं म्हणणं असं की असे वापरकर्ते मूठभर आहेत आणि आमच्या ग्राहकांत तर नाहीतच. २०११ च्या जनगणनेत अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख भरली, त्यांपैकी ५० लाखांवर दृष्टीबाधित. मूठ बरीच मोठी आहे. ‘आमच्याकडे नाहीत’ हे ठरवलं कशावरून? साइटवर कोण आलं याचे आकडे ज्या साधनांतून काढतात, त्यांना स्क्रीन रीडर दिसत नाही. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालू आहे हे ब्राउझर साइटला कळवत नाही, आणि खासगीपणासाठी ते योग्यच आहे. म्हणजे पहिल्याच पानावर नाव नसलेल्या तीन बटनांशी झटून कोणी निघून गेलं, तर तुमच्या तक्त्यात तो फक्त चटकन परतलेला एक पाहुणा असतो. दार बंद ठेवायचं आणि आत कोणी अंध दिसत नाही असं सांगायचं, या हिशेबाला मी हिशेब म्हणणार नाही.

दुसरं म्हणणं खर्चाचं. याच्याजवळ थोडं थांबतो, कारण प्रामाणिक माणसंही इथेच फसतात. एचटीएमएलमध्ये बटन नावाचा टॅग पहिल्या दशकापासून आहे. तो वापरला की टॅब कळीने त्यावर जाता येतं, एंटर किंवा स्पेस दाबून ते चालवता येतं आणि स्क्रीन रीडर ‘बटन’ असं उच्चारून त्याचं नाव सांगतो. हे सगळं ब्राउझर फुकट देतो. आपली मुलं काय करतात? एक कोरा डिव, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेली चौकट, घेतात, त्याला रंग आणि गोलाई देतात, माउसच्या क्लिकवर जावास्क्रिप्ट बांधतात. दिसायला बटन तयार होतं, पण कळफलकाला ते सापडत नाही आणि स्क्रीन रीडर ते बटन आहे असं सांगत नाही. पुढे तक्रार आली की त्याच डिवला भूमिका, क्रम, कळांचे इशारे असं सगळं हाताने चिकटवायचं. म्हणजे जास्त कोड कोणत्या वाटेने लिहावा लागला? फॉर्ममधल्या रकान्याला लेबल जोडायला एक ओळ लागते. चित्राचं वर्णन करणारा ऑल्ट मजकूर लिहायला एक वाक्य. मथळे मथळ्याच्या टॅगात ठेवायला काहीच लागत नाही. खर्च येतो तो हे वेळेवर न केल्यामुळे, आणि तो खर्च ‘ॲक्सेसिबिलिटीचा खर्च’ म्हणून ग्राहकाला दाखवला जातो. तो खरं तर आपल्या कच्च्या कामाच्या दुरुस्तीचा खर्च आहे.

अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर उघड चुका निघाल्या, आणि सापडलेल्या चुकांपैकी ९६ टक्के चुका फक्त सहा जातींच्या होत्या: फिकट अक्षरं, ऑल्टविना चित्रं, लेबलविना रकाने, रिकामे दुवे, रिकामी बटनं, पानाची भाषा न सांगणं. सहा. यातली एकही गोष्ट शिकायला नवशिक्या मुलालाही फार काळ लागू नये. दिल्लीतल्या लक्ष्मीनगरच्या कोचिंग क्लासात रिॲक्ट शिकवतात, पण या सहा गोष्टी शिकवत नाहीत.

सौंदर्य बिघडतं, ही तक्रार मला सगळ्यांत कमी पटते. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन आहे. वेब सुगम्यतेचं जागतिक मानक, डब्ल्यूसीएजी, सांगतं की साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका फरक हवा. डिझाइनरांची आवडती ‘तीन नऊ’ करडी छटा पांढऱ्यावर ठेवली तर प्रमाण २.८५:१ भरतं. मे महिन्यात कॅनॉट प्लेसच्या फुटपाथवर उभं राहून स्वस्तातल्या फोनवर ही अक्षरं वाचून बघा. चाळिशी लागलेला, मोतीबिंदू असलेला आणि धडधाकट विशीतला, तिघेही डोळे बारीक करतील. ज्या अक्षरांसाठी पान आहे ती वाचता येत नसतील तर त्या पानाला सुंदर म्हणायला मी तयार नाही.

यातून सुटण्यासाठी धंद्याने एक पळवाट काढली आहे. पानाच्या कडेला तरंगणारं एक गोल चिन्ह असतं, त्यात माणसाची आकृती. दाबलं की अक्षर मोठं करा, रंग उलटे करा, कर्सर मोठा करा अशी यादी उघडते. बाहेरून एक ओळ चिकटवली की हे येतं, आणि मग ‘आमची साइट सुगम्य आहे’ असं प्रमाणपत्रासारखं मिरवता येतं. सरकारी साइटींवरही हे चिन्ह सर्रास दिसतं. पण जो अंध आहे त्याच्या संगणकात त्याचा स्क्रीन रीडर आधीच आहे, ज्याला कमी दिसतं त्याच्या ब्राउझरमध्ये झूम आहे. त्यांना अडचण आहे ती नाव नसलेल्या बटनाची, आणि ते बटन काय करतं हे त्या चिन्हालाही माहीत नसतं. असल्या साधनाने कुठलीही साइट मानकात बसते, हा ॲक्सेसीबी कंपनीचा दावा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसवा ठरवला आणि २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरायला लावले. आता हीच आशा एआयवर ठेवली जाते आहे. ज्या वेबवर पंचाण्णव टक्के पानं चुकीची आहेत, ती वाचूनच ती यंत्रं कोड लिहायला शिकली आहेत. न सांगता ती बहुतेकदा तोच डिव पुढे करतात.

आणि मग शेवटचं, सर्वांत घट्ट बसलेलं म्हणणं: ही नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सक्ती कुठे आहे? दिल्लीतच याची उत्तरं दिली गेली आहेत. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शिका, जीआयजीडब्ल्यू, २००९ मध्ये आली. तिची तिसरी आवृत्ती २०२३ ची आणि ती त्याच जागतिक मानकाच्या २.१ आवृत्तीची एए पातळी मागते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४६ मध्ये सेवा देणारे ‘सरकारी वा खासगी’ दोन्ही येतात आणि नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नियम १५ जून २०१७ चे. म्हणजे मुदत जून २०१९ मध्ये संपली. मूळचे नागपूरचे अंध वकील राहुल बजाज यांनी एका खासगी आरोग्यसेवा ॲपविरुद्ध दिव्यांगांच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार केली, तेव्हा खासगी कंपनीलाही हा कायदा लागू असल्याचंच आयुक्तांनी सांगितलं. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला, राजीव रतुरी यांच्या २००५ पासून चाललेल्या याचिकेवर, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने नियम १५ चा पहिला भागच रद्द ठरवला. कारण ऐकण्यासारखं आहे. कायदा सक्ती करतो आणि नियम नुसती शिफारस, तर तो नियम कायद्याच्या विरोधात जातो. बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत करा, असा आदेश सरकारला मिळाला. तेव्हा ‘नुसती मार्गदर्शक तत्त्वं’ हे वाक्य आता कोणी वकिलासमोर बोलू नये.

‘इतक्या घाईत शक्य नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी याच शहरातली एक नोंद. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले. त्यांना स्मारकं पाहायची होती आणि चाकाच्या खुर्चीला पायऱ्या चढता येत नाहीत. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी यांनी हा मुद्दा लावून धरला आणि कुतुबमिनारसह काही स्मारकांवर तात्पुरते लाकडी उतार बसले. दिल्लीतल्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांनी तोवर वर्षानुवर्षं हेच मागितलं होतं. पाहुणा मोठा होता म्हणून दुसरा टप्पा त्याच्या आगमनाआधी उरकला. मग तो नेहमीच शक्य होता.

मराठी वाचकाला या प्रश्नाची एक बाजू दिल्लीकरांहून जास्त लागू आहे. पानाची भाषा कोणती हे कोडच्या पहिल्याच टॅगात एका छोट्या गुणधर्माने सांगायचं असतं. मराठी मजकुराची असंख्य पानं तिथे इंग्रजी म्हणून नोंदलेली असतात, कारण विकत घेतलेल्या साच्यात तसं लिहिलेलं होतं आणि कोणी बदललं नाही. स्क्रीन रीडर मग देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या स्वाधीन करतो. काही आवाज अक्षरं गाळतात, काही गप्प बसतात. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो, अँड्रॉइडवरही मराठी आवाज आहे, पण त्यांना कामाला लावणारी खूणच नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याचंही यात नुकसान आहे. काही देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि पान मराठी आहे हे कळलं तरच ते उमटतात. हिंदी वळणाचा ल मराठी पानावर बघून हळहळणाऱ्यांनी आधी तो गुणधर्म तपासावा.

याहून वाईट अवस्था पीडीएफची. छापील कागद स्कॅन करून चढवलेलं परिपत्रक स्क्रीन रीडरला एक कोरं चित्र असतं. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुरात पडद्यावर मराठी दिसतं, पण खाली साठवलेली चिन्हं रोमन असतात, म्हणून वाचणारा आवाज अर्थहीन बडबडतो. शिष्यवृत्तीची अट, भरतीची शेवटची तारीख, अपंगांसाठीच्याच योजनेचा अर्ज अशा कागदात अडकतो. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाल्यावर यासाठी कुठलीही सबब मला मान्य नाही.

छोट्या कंपन्यांची एक बाजू खरी आहे आणि ती नाकारणं अन्याय होईल. चार माणसांची कंपनी, पंधरा दिवसांची मुदत, सर्वांत कमी बोलीवर मिळालेलं काम. तिने एकटीने जगाचं भलं करावं असं मी म्हणत नाही. म्हणूनच जोर दोन ठिकाणी लावला पाहिजे. एक, साच्यावर. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एसथ्रीवास’ या सामायिक व्यवस्थेवर चालतात, तिच्या नावातच ‘सुगम्य’ आहे. साच्यातला एक मेनू कळफलकाने नीट उघडला की तो सगळ्या जिल्ह्यांत एकदम उघडतो, आणि बिघडला तर सगळीकडे बिघडतो. दोन, खरेदीवर. निविदेत ‘जीआयजीडब्ल्यूनुसार’ अशी एक ओळ असते आणि तिची पूर्तता कंत्राटदार स्वतःच्याच सहीने सांगतो. असं प्रमाणपत्र मी पुरावा मानत नाही.

साधनं तर दारात आहेत. एनव्हीडीए फुकट आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते २००६ पासून उभं केलं, कारण बाजारातला स्क्रीन रीडर परवडणारा नव्हता. वेव्ह, ॲक्स, क्रोममधलं लाइटहाउस ही तपासणीची साधनंही फुकट मिळतात. त्यांना सगळ्या चुका सापडत नाहीत. ऑल्ट मजकूर आहे की नाही हे यंत्राला कळतं, तो खरा आहे का हे कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि तो माणूस रोज स्क्रीन रीडरवर काम करणारा असला पाहिजे. आर. के. पुरममध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं केंद्र अंध तरुणांना संगणक शिकवतं. तपासनीस हवे असतील तर शोधायला दूर जावं लागत नाही. फक्त त्यांना ‘जरा बघून सांगा’ म्हणून बोलावू नये. हे कौशल्याचं काम आहे, त्याचा बाजारभावाने मोबदला द्यावा.

म्हणून माझी मागणी निविदेच्या भाषेतच करतो. प्रत्येक सरकारी आणि बँकेच्या साइटच्या करारात शेवटचा हप्ता रोखून ठेवावा. माउस काढून घेतलेल्या संगणकावर, एनव्हीडीए चालू ठेवून, पगारी अंध तपासनिसाने अर्ज भरून, कागद जोडून, पैसे भरून पावती उतरवून दाखवावी. मराठी साइट असेल तर हे सगळं मराठीत. तपासनिसाची लेखी नोंद साइटवरच प्रसिद्ध करावी. कॅप्चा असेल तर त्याला ऐकण्याचा किंवा फोनवर संकेतांक पाठवण्याचा पर्याय त्याच दिवशी चालू स्थितीत असावा. यातलं एक जरी अडलं तरी हप्ता रोखलेला राहावा आणि दुरुस्ती कंत्राटदाराने मूळ रकमेतच करावी.