हुकलेल्या प्रतिध्वनींचाही हिशेब हवा

बॉयलर आणि प्रेशर व्हेसलच्या वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी करणाऱ्या वज्रेश्वरीच्या एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे: शंभर नॅनोमीटर जाडीचा धातूचा थर ध्वनीने तपासतात म्हणे, मग त्यावर प्रोब टेकवायचा कसा आणि जेल लावायचे कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

प्रोब टेकवावाच लागत नाही. लेसरचा अतिलघु स्पंद थरावर पडतो, पृष्ठभाग क्षणात तापून फुगतो आणि त्या धक्क्याने ध्वनीची लहर आत शिरते. तळाच्या सीमेवर आपटून ती परत येते, तेव्हा पृष्ठभागाचे परावर्तन किंचित बदलते. मागाहून पाठवलेला दुसरा, मंद स्पंद तो बदल टिपतो. बॅकवॉल इको तोच, फक्त तो पाठवण्याचे आणि ऐकण्याचे काम प्रकाश करतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात थॉमसन, मॅरिस, टाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे प्रथम दाखवले. पुढे चिपच्या कारखान्यांत धातूच्या थरांची जाडी मोजायला याच तत्त्वावरची यंत्रे आली.

आकडे तर आपल्या ओळखीचेच आहेत. ॲल्युमिनियममधला ध्वनीचा वेग आपण ६.३२ मिलिमीटर प्रति मायक्रोसेकंद असा यंत्रात भरतो. नॅनोमीटर प्रति पिकोसेकंद या एककातही तो ६.३२च भरतो. शंभर नॅनोमीटरच्या थरातून जाऊन परत यायला लहरीला सुमारे ३२ पिकोसेकंद लागतात. एवढा अल्प वेळ कोणतेही साधे घड्याळ मोजू शकत नाही, म्हणून दुसऱ्या स्पंदाची वाट लांबवतात. सरकत्या मंचावरचा आरसा पावणेपाच मिलिमीटर मागे नेला, की प्रकाशाला जाऊन-येऊन नेमका तेवढा उशीर होतो. वेळ मोजायची ती स्क्रूच्या फेऱ्यांनी! ज्याने मायक्रोमीटर हातात धरला आहे, त्याला या प्रयोगशाळेत परके वाटण्याचे कारण नाही.

गेल्या काही वर्षांत या विषयात सर्वांत रोचक काम डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी केले आहे. ॲमस्टरडॅमच्या एआरसीएनएल या नॅनोलिथोग्राफी संशोधन केंद्रात पॉल प्लँकेन यांच्या गटाने अपारदर्शक धातूखाली दडलेली समांतर रेघांची नक्षी ध्वनीने शोधून दाखवली. चिप थरावर थर चढवून बनते. वरचा थर खालच्याशी जुळवायला खुणा लागतात, आणि धातूने झाकलेल्या खुणा प्रकाशाला दिसत नाहीत. रेघांच्या माथ्यावरून ध्वनी आधी परततो, खाचांमधून उशिरा. त्यामुळे खालच्या नक्षीची प्रत क्षणभर पृष्ठभागावर उमटते आणि दुसरा स्पंद तिच्यावरून विवर्तित होतो. वज्रेश्वरीजवळच्या तानसा नदीकाठच्या गरम कुंडांसारख्या झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिकावरून भूशास्त्रज्ञ जमिनीखालच्या तापमानाचा अंदाज बांधतात. इथेही वर आलेली लहरच खालची साक्ष आणते.

आपल्या जवळ काय आहे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने २०१५ मध्ये ३० फेमटोसेकंदांच्या लेसर स्पंदाने तापवलेल्या प्लाझ्मात सुमारे दोन टेराहर्ट्झ वारंवारितेची ध्वनिलहर टिपली. आपला नेहमीचा प्रोब पाच मेगाहर्ट्झचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची झेप कळते. तो शोध नॅनोरचना तपासण्यासाठी नव्हता, पण इतकी वेगवान ध्वनिलहर पकडणारी माणसे कुलाब्यात आहेत. इंदूरला दिलीप भवाळकर या मराठी शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली लेसरचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्याची पायाभरणी १९८४ चीच. धोलेऱ्याला टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिथे थर तपासणारे हात लागणारच आहेत.

मात्र या क्षेत्रातल्या प्रबंधांबद्दल आमची एक ठाम तक्रार आहे. त्यांत 'दिसले' एवढे सांगितले जाते. किती वेळा दिसले आणि किती वेळा हुकले, हे क्वचितच. परावर्तनातला बदल दहा हजारांत एक, कधी लाखात एक भाग एवढाच असतो आणि असंख्य स्पंदांची सरासरी काढून तो गोंगाटातून वेगळा करावा लागतो. सर्वांत सुबक आलेख छापणे स्वाभाविक आहे, पण त्यावरून पद्धतीचा भरवसा कळत नाही.

हा धडा आपल्या व्यवसायाने कष्टाने शिकला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने तडे असलेले विमानांचे भाग तळोतळी फिरवून तपासनिसांपुढे ठेवले. निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते: सापडतीलच असे गृहीत धरलेले तडे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटले. किती लहान दोष सापडतो यापेक्षा किती मोठा दोष सुटू शकतो, हा प्रश्न तिथून पुढे आला. नव्वद टक्के शक्यतेने आणि पंचाण्णव टक्के विश्वासाने सापडणारा दोष हे माप आज आपण त्याचमुळे वापरतो.

मार्गदर्शकांना आमची विनंती आहे, की हुकलेल्या मापांचा हिशेब प्रबंधाच्या परिशिष्टात ढकलू नका, त्याला पूर्ण प्रकरण द्या. ज्ञात खोलीचे नमुने करा, खोली विद्यार्थ्याला न सांगता ते त्याच्यापुढे ठेवा आणि उत्तरे नोंदवा. अशा चाचणीची आखणी करायला लेव्हल थ्री प्रमाणपत्र असलेला अनुभवी तपासनीस बोलवा. हे काम त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आणि तपासनिसांनो, बोलावणे आले तर जा. भौतिकशास्त्राची पदवी नाही म्हणून संकोच करू नका.

यंदा या विषयावर प्रबंध सादर करणाऱ्यांनी हुकलेल्या मापांचा तक्ता आमच्याकडे पाठवावा. थराची जाडी, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, स्पंदाची ऊर्जा, एकूण प्रयत्न आणि त्यांतले चुकलेले, एवढे रकाने पुरेत. आलेख नसला तरी चालेल. तक्ता आम्ही पूर्ण छापू.