काचेचा आरसा मंचावर नको

टेबलावर बोलणारं मुंडकं आणि टेबलाखाली रिकामी जागा: हा खेळ कर्नल स्टोडेअरनं 1865 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये दाखवला, आणि आजही जत्रेत त्याला गर्दी होते. गणपतीचा देखावा किंवा शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं की रायापूर-हुबळी-धारवाडच्या मंडळींनाही तो बसवावासा वाटतो. जरूर बसवा. फक्त टेबलाखालची जागा रिकामी भासवायला घरातला किंवा सलूनमधला काचेचा आरसा उचलून आणू नका. मुंडकं होऊन टेबलाखाली पाटावर बसलेल्या मुलाच्या गळ्याशेजारी काच फुटली, तर जादू तिथंच संपते.

त्याऐवजी ॲक्रिलिकचा आरसा घ्या. नामफलक करणाऱ्यांकडे चौकशी करा, 8 बाय 4 फुटांचा पत्रा मिळतो आणि मापानं कापूनही देतात. 3 मिलिमीटर जाडीचा असा पत्रा साधारण साडेदहा किलो भरतो. तेवढ्याच काचेचं वजन 22 किलोच्या पुढं जातं. दुकानातच पत्रा उभा धरून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ वाकडी-तिकडी दिसली, तर तो पत्रा परत ठेवा.

ॲक्रिलिक वाकतं, हीच त्याची खरी खोड. आरसा जरा जरी फुगला, तरी त्यातला पडदा लाटेसारखा दिसतो आणि प्रेक्षकाला लगेच संशय येतो. म्हणून पाठीला सपाट, जाड प्लायवूड हवंच. ॲक्रिलिक उन्हात वाढतं: तापमान 20 अंशांनी चढलं, तर मीटरभर पत्रा जवळपास दीड मिलिमीटर लांबतो. त्यामुळं चौकटीत घट्ट ठोकू नका, कडेला थोडी मोकळीक ठेवा. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. विरघळवून जोडणारा डिंक पाठीमागचा रंग आणि चकाकी खातो.

मांडणी साधी आहे. टेबलाच्या पुढच्या पायापासून दोन आरसे काटकोनात मागं जातात आणि बाजूच्या पडद्यांशी 45 अंशांत राहतात. प्रेक्षकाला आरशात बाजूचा पडदा दिसतो, पण तो मागचाच आहे असं वाटतं. म्हणून तिन्ही पडदे एकाच कापडाचे, बिनडिझाइनचे हवेत, आणि जमिनीवरही एकरंगी चादर हवी. आरशाच्या उघड्या कडांना काळा रंग द्या. दिवा आरशावर मारू नका आणि कलाकाराला टेबलाच्या बाजूला फिरू देऊ नका, त्याचे पाय लगेच आरशात उमटतात.

बजेट तोकडं असेल, तर चकचकीत पॉलिएस्टर फिल्म लाकडी चौकटीवर मध्यापासून कोपऱ्याकडे ताणत बसवा. मात्र पंख्याच्या वाऱ्यानं ती थरथरते, हे ध्यानात ठेवा.

ॲक्रिलिकवरची संरक्षक फिल्म प्रयोगाच्या आधीच काढा. पुसायला साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ सुती कापड पुरतं. स्पिरिट किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लावलात, तर ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात. आणि हो, ॲक्रिलिक पेट घेतं. नांदीची समई, आरती आणि तापलेले हॅलोजन त्याच्यापासून लांब ठेवा, शेजारी वाळूची बादली असू द्या, आणि आतल्या मुलाला मागून चटकन बाहेर पडता येईल अशी वाट सोडा.

पहिल्या तालमीला एका माणसाला पहिल्या रांगेत, दुसऱ्याला अगदी कडेला बसवा. दोघांनाही काही खटकलं नाही, तरच पडदा उघडा. पैसे वाचवायचेच असतील तर झालरीवर वाचवा, आरशाच्या पाठीवर नको.