सरळ रेषा वाकडी दिसते तेव्हा

साठी उलटलेला रुग्ण ‘हल्ली नीट दिसत नाही’ म्हणाला, की मोतीबिंदू अथवा तिमिर यापलीकडे आपला विचार सहसा जात नाही. आमच्याही हातून हेच घडले. एका निवृत्त शिक्षकांनी दाराची चौकट वाकडी दिसत असल्याचे सांगितले. आम्ही तिमिर समजून त्रिफळा घृत व नेत्रतर्पण योजले. दीड महिन्याने ते दृष्टिपटलतज्ज्ञांकडे गेले, तोवर पीतबिंदूवर कायमचा वण पडला होता.

पीतबिंदू हा दृष्टिपटलाचा मध्यभाग. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्यावर अवलंबून असतात. त्याच्या वार्धक्यजन्य ऱ्हासाचे दोन प्रकार आहेत. शुष्क प्रकारात ड्रुसेन नावाचे पिवळसर संचय साठतात व दृष्टी वर्षानुवर्षे मंदावत जाते. आर्द्र प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढून त्यांतून स्राव व रक्त झिरपते. मध्यदृष्टी काही आठवड्यांतच जाऊ शकते. कडेची दृष्टी शाबूत राहत असल्याने रुग्ण घरात सहज वावरतो आणि आप्तांना गांभीर्य उमगत नाही.

दोष एकेका पटलात शिरत गेल्याने दृष्टी कशी ढासळते, हे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिले आहे. त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु तिमिर या एका शब्दावर थांबणे म्हणजे निदान नव्हे. आर्द्र प्रकारासाठी डोळ्यात देण्याच्या रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. अशा औषधांनी दृष्टी टिकवता येते, मात्र ती वेळेवर मिळाली तरच.

म्हणून प्रत्येक वैद्याच्या टेबलावर अ‍ॅम्स्लरचा चौकटींचा तक्ता असावा. वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून तो दाखवावा. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्यास रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे धाडावे. तर्पणाचा विचार नंतर. धूम्रपान सोडण्याचा आग्रह मात्र पहिल्याच भेटीत धरावा.

औषधविक्रेत्यांसही एक विनंती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एआरईडीएस-२ अभ्यासानंतर पूरक गोळ्यांत बीटा कॅरोटीनऐवजी ल्यूटिन व झिअ‍ॅझँथिन घेणे श्रेयस्कर ठरले, कारण बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या गोळ्या मध्यम अवस्थेतील ऱ्हासाची गती कमी करतात. गेलेली दृष्टी परत आणीत नाहीत. अंधत्व बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही ध्यानी असावे.

रुग्ण वेळीच दुसऱ्याकडे पाठवण्यात वैद्यास कमीपणा नाही. त्या शिक्षकांना आता वर्तमानपत्र वाचता येत नाही. कमीपणा आम्हास त्याचा वाटतो.