गिअरबॉक्स कोणी मोडला?

नाशिकच्या मुंबई नाक्यापासून अंबडपर्यंत रस्त्याकडेला जी लहानमोठी गॅरेजे आहेत, त्यांच्या दारात एक भांडण वारंवार उभे राहते. गाडीची क्लचप्लेट बदलली. पंधरा दिवस गाडी बरी चालली. मग कसारा घाटात गिअरबॉक्सने आधी शीळ घातली, पुढे खडखडाट केला आणि गाडी जागीच उभी राहिली. मालक म्हणतो, मेकॅनिकने घात केला. मेकॅनिक म्हणतो, काम क्लचचे होते, गिअरबॉक्सला हातही लावला नाही. चहाच्या टपरीवरची मंडळी मालकाची बाजू घेतात आणि 'हे गॅरेजवाले सारे चोर' असा निकाल लागतो.

मेकॅनिकचे ते वाक्य खरे नाही, हे प्रथमच सांगून टाकले पाहिजे. क्लच असतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये. तो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत त्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात आणि त्या वाटेने आतले ऑइल वाहून जाते. ते पुन्हा भरायचे राहून गेले, की कोरड्या दात्यांवर आणि बेअरिंगांवर चाललेली गाडी काही दिवसांतच मान टाकते. दुसरे असे की, लहान मोटारीचा गिअरबॉक्सही तीस-चाळीस किलोंचा असतो. जॅक नसल्यामुळे तो दोघांच्या हातांवर चढवला जातो आणि बोल्ट बसेपर्यंत त्याचा सारा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळतो. क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो, बेअरिंग दुखावते. क्लचची केबल नीट जुळवली नाही तर क्लच पुरता सुटत नाही आणि दर गिअरला सिंक्रोनायझरचे पितळी कडे घासत राहते. अर्थात लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीत बेअरिंग आधीच झिजलेले असू शकते. तेव्हा नवा क्लच केवळ निमित्त ठरतो. यांतले काय घडले, हे बॉक्स उघडल्यावर बरेचसे कळते. तेलावाचून जळालेले दाते निळसर पडलेले असतात. ते खोटे बोलत नाहीत.

तेव्हा चूक कामाची असेल तर ती चूकच. कारागीर गरीब आहे म्हणून त्याच्या हलगर्जीपणावर पांघरूण घालणे ही श्रमिकांविषयीची निष्ठा नव्हे, कारण त्या गाडीचा मालकही बहुधा कर्जाच्या हप्त्यावर टॅक्सी चालवणारा श्रमिकच असतो. आठ दिवस गाडी उभी म्हणजे आठ दिवस चूल थंड. परंतु चोर म्हणून बोट दाखवले की विचार संपतो, आणि तो संपावा यातच काहींचे हित आहे.

ज्या हातांनी बॉक्स चढवला ते हात शिकले कोठे? मोटार दुरुस्तीच्या धंद्यात दहा-बारा वर्षांचे पोर पाने पुसण्यापासून सुरुवात करते आणि उस्तादाच्या शिव्या खात शिकते, ही रीत कोणाला ठाऊक नाही? १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी झाली; तरी 'छोटू' ही हाक ऐकू येतेच. सातपूरच्या आयटीआयमध्ये दोन वर्षे शिकून बाहेर पडलेल्या तरुणाचीही दुसरी अडचण आहे. एखाद्या विशिष्ट गाडीचा बॉक्स कोणत्या क्रमाने उतरवायचा, कोणता बोल्ट किती ताणाने आवळायचा, हे ज्या पुस्तिकेत असते ती कंपनीच्या कपाटात असते. ऑइल भरायला विसरणे मात्र पुस्तिकेअभावी घडत नाही, हेही खरे. ते घडते अंगावर कामे घेऊन एका दिवसात तीन गाड्या हातावेगळ्या करण्याच्या घाईतून.

ही कपाटाची गोष्ट काल्पनिक नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. अस्सल सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अर्थातच न्यायालयांकडे आणि अपिलात धावल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत तो निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड सगळ्या उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितला. त्या चौदांमध्ये महिंद्रही होती, जिची स्कॉर्पिओ २००२ मध्ये याच नाशकातल्या कारखान्यातून बाहेर पडली! सातपूरला मायको, म्हणजे आजची बॉश, इंजेक्टर बनवते. ज्या शहरातले कामगार मोटारी घडवतात, त्याच शहरातल्या कामगाराने ती मोटार दुरुस्त कशी करावी, हे मात्र व्यापारी गुपित.

मग ग्राहकाला 'अधिकृत' केंद्राच्या काचेच्या दालनाकडे वळवले जाते. तेथले बिल परवडले नाही की तो पुन्हा रस्त्याकडेच्या गॅरेजात येतो, आणि तेथे काही बिघडले की अधिकृतांना म्हणायला मिळते : बाहेर काम केलेत ना?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे आला आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना दिलीच पाहिजे, असा कौल त्यांनी प्रचंड बहुमताने दिला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे घडले, त्यासाठी येथे जुलै २०२२ मध्ये केंद्राने समिती नेमली आणि त्याच वर्षी 'दुरुस्तीचा अधिकार' नावाचे पोर्टल काढले. कंपनीने स्वेच्छेने तेथे चार कागद टाकले तर टाकले. कपाटाचे कुलूप तोडणारी सक्ती त्यात नाही.

तोवर टॅक्सीवाल्याने काय करावे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे स्वयंरोजगाराने पोट भरणाराही ग्राहकच आहे. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. परंतु आयोग पुरावा मागतो आणि गॅरेजात व्यवहार चालतो तोंडी. बिल न देणे ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे, पण जीएसटीच्या धास्तीने मालकही बिल मागत नाही आणि मेकॅनिकही देत नाही. रिक्षा-टॅक्सी चालकांच्या संघटना आणि गॅरेजातले कामगार यांनी एकत्र बसून एक साधे कामपत्रक ठरवले, तर निम्मी भांडणे तेथेच मिटतील : गाडी किती किलोमीटर धावली, बॉक्सचा आवाज आधीपासून होता काय, कोणता भाग घातला, किती ऑइल भरले, जुना भाग मालकाच्या हाती दिला काय, आणि खाली दोघांच्या सह्या. अशा कागदाने प्रामाणिक मेकॅनिकचेही रक्षण होते. कारण बेअरिंग आधीच ओरडत होते, हे सिद्ध करायला आज त्याच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज काही नसते.