जमाखर्चाबाहेरचे पाणी

फराळाचे डबे निम्म्यावर आले, भाऊबीज आटोपली आणि शाळांची सुट्टी अद्याप शिल्लक असली, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा मोर्चा घाटाकडे वळतो, व त्यांच्या सामानात स्वेटर आणि उरलेल्या चकल्यांबरोबर एखादा दिवाळी अंकही असतो. तेव्हा प्रस्तुत अंक महाबळेश्वरी, वेण्णा तलावाच्या काठी उघडला जाण्याचा संभव ध्यानी घेऊन त्या तलावाविषयीच चार शब्द लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधविलेला हा तलाव आज महाबळेश्वर व पाचगणी या दोन्ही गावांची तहान भागवितो, ही गोष्ट होडीत बसून छायाचित्रे काढणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात जिचे पाणी तीर्थ म्हणून आपण ओंजळीत घेतो, तीच वेण्णा काही मैलांवर या तलावात अडते, आणि तेथे तिच्या काठावर मक्याच्या कणसांच्या गाड्या, घोड्यांचे तळ व वाहनांच्या रांगा लागलेल्या असतात. पर्यटकाच्या खोलीतील नळाला येणारे पाणी बहुधा त्याच तलावाचे असते.

तलाव नासतो कसा, याची चर्चा निघाली की पहिले बोट घोड्याकडे जाते. लीद पावसाने वाहून पाण्यात उतरते, तिच्याबरोबर आतड्यांतील जंतू आणि नत्र-स्फुरद उतरतात, त्या खतावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते, आणि असे सेंद्रिय द्रव्य वाढले म्हणजे शुद्धीकरणासाठी घातलेले क्लोरीन त्यातच खर्ची पडून जंतूंच्या वाट्यास अपुरे येते. हे सारे खरे आहे. परंतु लीद डोळ्यांना दिसते आणि घोडेवाला गरीब आहे, या दोन कारणांनी त्याच्यावरील आरोप विशेष लोकप्रिय झाला असावा, असा आम्हांस संशय आहे. महाबळेश्वरचे पठार जांभ्या दगडाचे; तो सच्छिद्र असल्यामुळेच वर पडलेला पाऊस आत मुरून कड्यांच्या पोटाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. जो दगड पावसाला वाट देतो तो शोषखड्ड्यातील मैलापाण्याला अडवील कसा? एखाद्या प्रशस्त हॉटेलाच्या हिरवळीखाली जे मुरते, ते पाहावयास कोणी जात नाही, आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही.

त्यात काळाची एक विपरीत योजना आहे. वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख दिवाळीत तुडुंब भरलेला असतो, तेव्हा घाण विरळ होऊन खपून जाते. पण मे महिन्याचा ऐन सीझन, म्हणजे अंघोळी, धुणी आणि माणसे यांची कमाल गर्दी, नेमकी तलावाची पातळी खालावलेली असताना येते. पुढे मृगाच्या पहिल्या सरी उतारावर साचलेला हंगामभराचा मळ तलावात आणून ओततात. जुलैत तलाव भरून वाहू लागला की ती आनंदवार्ता वृत्तपत्रांत सचित्र झळकते. जे भरले ते कसल्या गुणाचे, हा रकाना त्या वार्तेत नसतो.

कायदा नाही असे मात्र नाही. केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. पण हुकूम दफ्तरात पोहोचणे आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पोहोचणे यांतील अंतर आपल्या देशात पूर्वापार दीर्घ आहे. नैनितालचा दाखला बोलका आहे: तेथे सरोवराचा तळ प्राणवायूवाचून गुदमरल्यावर, २००७ पासून यंत्रांनी पाण्यात हवा सोडण्याची पाळी आली. आणि पवना धरणाच्या काठी तंबू ठोकून रात्र जागविणारी पिंपरी-चिंचवडची तरुण मंडळी तर सोमवारी सकाळी घरी परतून तोच जलाशय पितात.

पर्यटन बंद करा, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. त्यावर सबंध तालुक्याची चूल पेटते. आमची सूचना अगदी कारकुनी आहे. गिरिस्थानाच्या नाक्यावर प्रवाशांकडून जो कर वसूल होतो त्याच्या पावतीवर, मागील महिन्यातील तलावाच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल छापावा. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. नळाचे पाणी त्याला उतरले की नाही, आणि तलावाच्या कच्च्या पाण्यात हे जंतू किती होते, हे दोन आकडे पुरेत. त्याने धंदा बसेल, अशी हाकाटी हॉटेलवाले करतील हे आम्ही जाणून आहो. परंतु आपल्या मैल्याची व्यवस्था ज्याने चोख ठेवली आहे, त्याला या आकड्यांचे भय वाटण्याचे कारण आम्हांस तरी दिसत नाही.