रंगाखाली गाडलेला क्रमांक

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरला मोडतोड करून टाकून दिली. कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून. १९४८ पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्याच भंगारातून चाळीसेक विमाने उभी केली. चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शींनी ती बंगळूरला उडवत नेली. हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली होती. आज जगात उरलेल्या मूठभरांतली बरीचशी ही कानपूरचीच.

पण ती ओळखणार कशी? ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधले एचई ८०७ ब्रिटिश रंगात उभे आहे. अ‍ॅरिझोनातल्या पिमा म्युझियममधल्या एचई ८७७ वर अमेरिकी रंग आहे आणि नाव दुसऱ्याच विमानाचे. हे विमान तर कारखान्यातून थेट ब्रिटिशांकडे गेले होते!

‘युद्धातला रंग हाच खरा’ असे म्हणणारे हिशेब विसरतात: युद्धातली सेवा फार तर काही महिन्यांची, भारतातली जवळपास वीस वर्षांची. विमानाची ओळख रंगात नसते, क्रमांकात असते. आणि या क्रमांकामागे कानपूरच्या कामगारांचे हात आहेत.

दोष एकट्या परक्यांचा नाही. आपण विमाने देऊन टाकली, इतिहासाची अट घातली नाही. पालमच्या संग्रहालयात एक ठेवले म्हणून कर्तव्य संपत नाही. प्रत्येक विमानाची नोंदवही लोकांसाठी खुली करा. भंगार आपण वाचवले. आता निदान नाव तरी वाचवू या.